स्लॅब उचलण्याआधीचं सलाईन

रुग्णवाहिकेवरच्या कर्मचाऱ्यांचा शौर्याबद्दल सन्मान झाला की बातमीत एक वाक्य हमखास येतं: ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न करता.’ वाक्य आदराने लिहिलेलं असतं, पण कामाचं वर्णन म्हणून ते चुकीचं आहे. कोसळलेल्या इमारतीतून माणूस जिवंत बाहेर आणणारं पथक स्वतःच्या जिवाची पर्वा पावलोपावली करतं. टेकू लागल्याशिवाय आत शिरत नाही, शिट्टी वाजली की हातातलं काम टाकून बाहेर येतं. धाडस लागतं ते दुसऱ्याच जागी. बाहेर दोनशे माणसं ‘ओढा, काढा लवकर’ म्हणून ओरडत असताना ‘अजून नाही, आधी सलाईन’ म्हणायला, आणि ते सलाईन अंगात जाईपर्यंत ढिगाऱ्यातल्या बिळात पोटावर पडून राहायला.

ते सलाईन एवढं महत्त्वाचं का, किती द्यायचं, कशाने बिघडतं आणि अशा कामाचा सन्मान सरकारदरबारी नेमका कसा होतो, हे इथे मांडलं आहे. औषधांची प्रमाणं वाचकाला काम समजावं म्हणून दिली आहेत. ती देण्याचा निर्णय जागेवरच्या डॉक्टरचा.

ठाणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यात बी केबिनची कृष्णा निवास, २१ सप्टेंबर २०२० रोजी भिवंडीची जिलानी बिल्डिंग, एप्रिल २०२३ मध्ये भिवंडीजवळचं वळपाडा, २७ जुलै २०२४ रोजी बेलापूरच्या शहाबाज गावातली इंदिरा निवास. यातल्या नौपाडा, भिवंडीची जिलानी आणि शहाबाज इथल्या इमारती रात्री-पहाटे पडल्या. अशा वेळी माणसं बहुधा अंथरुणात असतात, आडवी असतात. आडव्या माणसावर स्लॅब येतो तेव्हा मांड्या, नितंब आणि खांदे चिमटतात. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू नेमके तिथेच असतात.

अशा ठिकाणी आधी महापालिकेचं अग्निशमन दल येतं. ठाण्यात ठाणे आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे टीडीआरएफ, असतं. काम मोठं असेल तर पुण्याजवळच्या सुदुंबरे इथल्या पाचव्या बटालियनचं एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, पथक उतरतं. वैद्यकीय बाजू सांभाळायला १०८ ची गाडी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिची एक खासियत आहे: गाडीत डॉक्टर असतो. इतरत्र ज्याला पॅरामेडिक म्हणतात त्याचं काम आपल्याकडे हा डॉक्टर आणि चालक मिळून करतात. चालकाला या सेवेत पायलट म्हणतात. पायलटचा मुद्दा शेवटी पुन्हा येणार आहे.

बोलता माणूस बाहेर काढल्यावर का जातो

दृश्य जगभरच्या बचाव पथकांना ठाऊक आहे. ढिगाऱ्याखाली माणूस सहा तास आहे. शुद्धीवर आहे, नाव सांगतो, पाणी मागतो. दोन्ही पायांवर तुळई आहे, पण ‘पाय दुखत नाहीत’ म्हणतो. तुळई उचलली जाते, टाळ्या वाजतात, स्ट्रेचर गाडीपर्यंत पोहोचतं आणि तिथे हृदय थांबतं. नातेवाइकांना वाटतं दहा मिनिटं उशीर झाला. खरं तर तयारी न करता उचललं, म्हणून तो गेला.

याला क्रश सिंड्रोम म्हणतात. मराठीत चेंगरण-विकार म्हणता येईल, पण दवाखान्यात सगळे ‘क्रश’च म्हणतात. स्नायूच्या पेशीच्या आत पोटॅशियमचं प्रमाण लिटरला साधारण १४० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक) असतं आणि बाहेर रक्तात फक्त ३.५ ते ५. हा फरक पेशी स्वतःची ताकद खर्च करून टिकवते, आणि त्यावरच हृदयाचे ठोके चालतात. स्लॅबखाली स्नायू दाबला गेला की पेशीचं आवरण फाटायला लागतं. रक्त पोहोचत नाही, प्राणवायू नाही, आम्ल साठतं. आतलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि स्नायूंना लाल रंग देणारं मायोग्लोबिन बाहेर झिरपतं. पण जाणार कुठे? वर स्लॅब आहे, रक्तवाहिन्या दबलेल्या आहेत. सगळं विष त्या पायातच कोंडून राहतं. स्लॅब स्नायूला मारत असतो आणि त्याच वेळी बूच बनून बाकीच्या शरीराला वाचवतही असतो.

तो उचलला की बूच निघालं. मग तीन गोष्टी घडतात. कोंडलेलं पोटॅशियम आणि आम्ल एका लोंढ्यात हृदयाकडे जातं आणि ठोक्यांची लय मोडतं. सैल झालेल्या पायात रक्तातलं पाणी शिरतं, पाय टम्म फुगतो, काही लिटर द्रव तिथे अडकतो आणि रक्तदाब कोसळतो. या दोन गोष्टी मिनिटांत जीव घेऊ शकतात. तिसरी सावकाश येते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांमध्ये बसतं, लघवी कोऱ्या चहासारखी होते, कमी होते आणि बंद पडते. तिथून डायलिसिस.

लंडनवर बॉम्बवर्षाव चालू असताना बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये अशा चार रुग्णांची नोंद ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केली. ढिगाऱ्यातून काढलेली ही माणसं सुरुवातीला बरी दिसली आणि काही दिवसांनी मूत्रपिंड बंद पडून गेली. १९९९ च्या तुर्कस्तानच्या मार्मारा भूकंपानंतर ६३९ जणांची मूत्रपिंडं या कारणाने बिघडली आणि ४७७ जणांना डायलिसिस लागलं. तिथल्या अनुभवातून जे जागतिक मार्गदर्शन तयार झालं त्याचा गाभा एका ओळीचा आहे: उपचार रुग्णालयात नाही, ढिगाऱ्यातच सुरू करा.

किती वेळ दबलं की धोका? ‘चार तास’ हा आकडा पाठ केला जातो. तो ढोबळ आहे. मोठी मांडी मोठ्या वजनाखाली असेल तर तासाभरातही पुरेसं नुकसान होतं. उलट बोटं किंवा मनगट दहा तास अडकलं तरी हा विकार सहसा होत नाही, कारण तिथे स्नायूच फारसे नाहीत. म्हणून पहिला प्रश्न ‘किती तास’ असला तरी त्याला जोडून लगेच ‘कुठला भाग, केवढा’ हे विचारावं लागतं. आणि ‘दुखत नाही’ हे उत्तर दिलासा देणारं नाही. दाबाने नसा बधिर झाल्याची ती खूण आहे.

एक तास, दोन बाटल्या

प्रौढ माणसाला साधं ०.९ टक्क्यांचं नॉर्मल सलाईन तासाला १००० मिलि, मुलांना वजनाच्या दर किलोमागे तासाला १५ ते २० मिलि. सुरुवात दबलेला भाग मोकळा होण्याआधी. सुटका दोन तासांपेक्षा लांबली तर वेग निम्म्यावर आणतात, नाहीतर फुप्फुसात पाणी भरण्याचा धोका. वृद्ध, हृदयविकार असलेला किंवा लघवी पूर्ण बंद झालेला रुग्ण असेल तर आणखी जपून.

कागदावर हे सोपं आहे. आपल्याकडची नेहमीची बाटली ५०० मिलिची, म्हणजे तासाला दोन. तीन तासांचं काम धरलं तर पहिल्या दोन तासांत चार आणि पुढच्या तासात एक, शिवाय गाडीतला प्रवास. एका रुग्णामागे सहा-आठ बाटल्या हाताशी हव्यात. अडकलेले चार असतील तर एका गाडीचा साठा पुरणार नाही, आणि हे पोहोचल्या पोहोचल्या सांगायचं असतं, चौथी बाटली संपताना नाही.

आता वेग. साध्या आयव्ही सेटमधून २० थेंबांचा एक मिलि होतो. तासाला १००० मिलि म्हणजे मिनिटाला सुमारे ३३३ थेंब. मोजता येत नाहीत, धारच लागते. म्हणून कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची नळी, जाड हवी: करडी १६ नंबरची, नाहीतर हिरवी १८ ची. निळ्या २२ मधून ही धार जात नाही. पण रक्तदाब उतरलेल्या, धुळीने माखलेल्या, गार पडलेल्या हाताची शीर टॉर्चच्या उजेडात शोधायची आणि तीही एका हाताने, कारण दुसऱ्या कोपरावर स्वतःचं वजन आहे. दोन प्रयत्न फसले की तिसरा न करता हाडात सुई घालावी. दंडाच्या वरच्या टोकाला किंवा मोकळ्या असलेल्या नडगीला. दबलेल्या किंवा मोडलेल्या अवयवात कधीही नाही.

सगळ्यात जास्त वेळा घोटाळा होतो तो उंचीचा. सलाईन बाटली वर टांगली तरच उतरतं, आणि बिळात छत कधी कधी डोक्यापासून वीतभर असतं. मग बाटली दाबून ढकलावी लागते. आपल्याकडच्या पुष्कळ बाटल्या कडक प्लास्टिकच्या असतात, त्यांना हवेची सुई लागते. अशी बाटली आडवी ठेवून दाबली तर सलाईनसोबत हवा शिरेत जाऊ शकते. अशा कामाला मऊ पिशवीच हवी, आणि लावण्याआधी तिच्यातली हवा पूर्ण काढलेली हवी. पिशवीभोवती गुंडाळायची दाबपट्टी नसेल तर बीपीच्या मशीनचा पट्टा चालतो. दाब उतरत जातो, दर काही मिनिटांनी पुन्हा भरावा लागतो. म्हणून कुणीतरी तिथे राहावं लागतं. तीन तास बिळात पडून राहणाऱ्याचं काम बऱ्याच अंशी हेच असतं: पिशवी दाबत राहणं, रुग्णाशी बोलत राहणं आणि नळी कुठे मुडपली तर नाही ना हे चाचपणं.

द्यायचं काय हे जितकं महत्त्वाचं तितकंच काय द्यायचं नाही हेही. रिंगर लॅक्टेट, ज्याला सगळे आरएल म्हणतात, ते गाडीत हाताशी असतं. पण त्यात लिटरला ४ मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम आहे. प्रमाण थोडं असलं तरी या रुग्णाला बाहेरून थेंबभरही नको. घटनास्थळी शेजारी मायेने नारळपाणी घेऊन येतात. त्यात आरएलच्या दहापटीच्या घरात पोटॅशियम असतं, म्हणून दबलेल्या माणसाला ते देऊ नये. वेदनेसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आपल्याकडे सवयीने दिलं जातं, पण आधीच अडचणीत आलेल्या मूत्रपिंडाला ते आणखी खाली ओढतं. वेदनेला केटामाइन हे भुलीचं औषध बरं. कमी मात्रेत, किलोमागे ०.१ ते ०.३ मिलिग्रॅम, वेदना कमी होते आणि रक्तदाब व श्वास सहसा टिकतो. ते दिल्यावर रुग्ण असंबद्ध बडबडू शकतो, हे बाहेरच्या नातेवाइकांना आधी सांगून ठेवलेलं चांगलं.

उचलण्याआधीची पाच मिनिटं

सलाईन चालू आहे, जॅक बसला आहे. आता घाई करायची नाही. छातीला ईसीजीच्या तारा लावलेल्या हव्यात. शॉक देणाऱ्या मशीनचे पॅडही आधीच चिकटवलेले बरे, कारण अरुंद जागेत हृदय थांबलं तर तेव्हा शर्ट कापायला वेळ नसतो. मॉनिटरवर ‘टी’ लहर तंबूसारखी उंच आणि टोकदार दिसायला लागली, ‘पी’ लहर दिसेनाशी झाली आणि ठोक्याची मुख्य लहर, ‘क्यूआरएस’, रुंदावली, तर पोटॅशियम वाढतंय.

तेव्हा पहिलं औषध १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट, १० मिलि, सावकाश. ते पोटॅशियम कमी करत नाही, फक्त हृदयाला काही काळ ढाल देतं. पोटॅशियम पेशींत परत ढकलायला साल्ब्युटामॉलची वाफ, १० ते २० मिलिग्रॅम. नेहमीची दम्याची कुपी २.५ मिलिग्रॅमची, म्हणजे चार ते आठ कुप्या. एक देऊन उपयोग नाही. इन्सुलिन १० युनिट आणि त्यासोबत २५ ग्रॅम ग्लुकोज. सोडियम बायकार्बोनेट द्यायचं असेल तर कॅल्शियमच्या नळीतून नाही. दोन्ही एकत्र आले की नळीत खडूसारखा साका धरतो आणि नेमक्या वेळी नळी बंद पडते. ही सगळी औषधं भरून, सिरिंजवर चिकटपट्टीने नाव लिहून, उचलण्याआधी तयार ठेवायची. अंधारात पाच सारख्याच पांढऱ्या सिरिंज हे संकटाला आमंत्रण आहे.

मांडीला करकचून पट्टा बांधून मग उचलावं का, हा प्रश्न हमखास निघतो. रक्ताचा मोठा स्राव असेल तर पट्टा हवाच. निव्वळ पोटॅशियम अडवायला तो बांधण्याची आंतरराष्ट्रीय शिफारस नाही, कारण तोच पट्टा स्नायू आणखी मारतो आणि सोडताना लोंढा तोच. सलाईन द्यायला वावच नाही आणि छत खाली येतंय अशा वेळी काही पथकं तो बांधून बाहेर काढतात. तो नाइलाज आहे. जागेवरच पाय कापण्याचा निर्णय तर त्याहून शेवटचा. इमारत पुन्हा पडणार हे दिसत असेल आणि दुसरा कुठलाच मार्ग नसेल, तेव्हाच शल्यचिकित्सकाने घ्यायचा.

उचलण्याचा हुकूम शेवटी कोण देतो? वजनाबद्दल अग्निशमन किंवा एनडीआरएफचा प्रमुख, रुग्णाबद्दल डॉक्टर. दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय जॅकला हात लागत नाही. एखादं पथक कसं तयार झालेलं आहे हे पाहायचं असेल तर आम्ही आधी ही एकच गोष्ट पाहू.

साडेतीन टनांच्या खाली

डॉक्टर ज्या जागेत पडलेला असतो ती कशी असते? जुन्या इमारती बहुधा पोळ्यांच्या चवडीसारख्या बसतात, स्लॅबवर स्लॅब. जिवंत माणूस सापडतो तो पलंग, कपाट किंवा जिन्याच्या आधाराने राहिलेल्या पोकळीत. काँक्रीटचं वजन घनमीटरला अडीच टन. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब साधारण साडेतीन टन भरतो, फरशी, भिंती आणि वरच्या घरातला संसार सोडून.

तो उचलायला हवेच्या रबरी पिशव्या वापरतात. न फुगवलेली पिशवी इंचभर जाड, त्यामुळे फटीत सरकते. ३० सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी पिशवीत ८ बार दाब भरला तर हिशेबाने ती ७ टनांच्या पुढे उचलते. प्रत्यक्षात फुगत जाईल तशी ती गोल होते, स्लॅबला टेकणारा भाग लहान होत जातो आणि ताकद घटते. शेवटच्या दोन इंचांना ती दमते ती यामुळे. सळईच्या टोकावर ठेवली तर फाटते. एकावर एक दोनच्या वर रचायच्या नाहीत.

म्हणून नियम: एक इंच उचल, एक इंच भर. भरायला चार बाय चार इंचांचे लाकडी ठोकळे, दोन आडवे, दोन उभे, असे विहिरीच्या चौकटीसारखे रचलेले. उंची पायाच्या तिपटीपेक्षा जास्त नको. विटा किंवा फरशीचे तुकडे खाली सारण्याचा मोह होतो, पण वीट न सांगता फुटते. लाकूड आधी करकरतं, चेपतं, इशारा देतं. आत पडलेल्या माणसाला त्या करकरीतून मिळणारे काही सेकंद फार मोलाचे असतात.

दुसरा इशारा शिट्टीचा. तीन छोट्या, पुन्हा पुन्हा: सगळे बाहेर. एक लांब, तीन सेकंदांची: काम बंद, शांतता. एक लांब आणि एक छोटी: काम पुन्हा सुरू. हे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. तीन छोट्या शिट्ट्या वाजल्या तर डॉक्टरनेही बाहेर यायचं, रुग्णाचा हात सोडून. या कामातला सगळ्यात अवघड क्षण कोणता असं विचारलं तर आम्ही हाच सांगू. म्हणूनच आत जातानाच सलाईनची नळी लांब जोडून घेतात. डॉक्टर मागे सरकला तरी पिशवी बाहेरून दाबता येते.

हवेचंही भान लागतं. आत शिरण्याआधी वीज तोडलेली हवी. ठाण्यात आणि नवी मुंबईत महावितरण, भिवंडी-मुंब्रा पट्ट्यात टोरंट. गॅसची पाइपलाइन बंद केलेली हवी आणि घरोघरचे सिलिंडर गळत असणार असंच धरून चालायचं. पेट्रोलवर चालणाऱ्या कटरचा धूर बिळात साठला की त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही गुंगी येते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर तरीही ९८ दाखवत राहतं, कारण कार्बन मोनॉक्साइड बसलेलं रक्त त्याला चांगल्या रक्तासारखंच दिसतं. रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असताना शेजारी ठिणग्या उडवणारा कटर चालवायचा नाही. बंद जागेत ऑक्सिजन साठतो आणि कपडे क्षणात पेटतात. कापायचं तेव्हा ऑक्सिजन बंद, जागा हवेशीर करून मग कटर. सिमेंटची धूळ फुप्फुसात जाते ती वेगळीच. दोघांनाही मास्क हवा, आणि रुग्णाच्या तोंडावर तो आधी बसवलेला हवा.

बाहेर जमलेल्यांनी एक मदत नक्की करावी. कोण कुठल्या खोलीत, कुठल्या बाजूला डोकं करून झोपत होतं, हे माहीत असलेल्या शेजाऱ्याला पथकाच्या प्रमुखाजवळ उभं करावं. त्या माहितीने शोधाचे तास वाचतात. शांततेची शिट्टी झाली की मोबाइल बंद आणि गाड्यांची इंजिनंही बंद. आतून येणारी टकटक तेव्हाच ऐकू येते.

रुग्णालयाला काय सांगायचं

गाडी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाकडे जावो की वाशीच्या महापालिका रुग्णालयाकडे, फोन आधी जायला हवा आणि त्यात ‘अपघाताचा रुग्ण’ एवढंच पुरत नाही. ‘क्रशचा रुग्ण, दोन्ही मांड्या, पावणेसहा तास, साडेतीन लिटर सलाईन गेलं, सहा वाजून दहा मिनिटांनी मोकळा केला, ईसीजी असा’ हे सांगितलं की पुढचे लोक डायलिसिसची जागा आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर पाहायला लागतात. पाय मोडला नसला तरी हा रुग्ण घरी सोडायचा नाही. लघवीची नळी घालून तासाला २०० ते ३०० मिलि लघवी होत राहील इतकं पाणी द्यायचं असतं, आणि पहिल्या लघवीचा रंग कागदावर लिहून ठेवायचा असतो.

सन्मान कुठला, कुणाला

पोलीस, अग्निशमन, होमगार्ड व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांच्यासाठी केंद्राची वीरता पदकं आहेत. रुग्णवाहिका सेवा त्या यादीत नाही. १०८ च्या डॉक्टर-पायलटसाठी खुली असलेली राष्ट्रीय वाट म्हणजे १९६१ मध्ये सुरू झालेली जीवन रक्षा पदक मालिका. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. वाचवणाऱ्याच्या जिवाला अत्यंत मोठा धोका असेल तर सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, मोठा धोका असेल तर उत्तम जीवन रक्षा पदक, आणि स्वतःला गंभीर इजा होण्याचा धोका पत्करला असेल तर जीवन रक्षा पदक. सोबतची रक्कम अनुक्रमे २ लाख, दीड लाख आणि १ लाख रुपये. मरणोत्तरही देता येतं. सैन्य, पोलीस आणि अग्निशमन दलातल्यांना ते कर्तव्याबाहेरच्या कृतीसाठीच मिळतं. प्रस्ताव राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावा लागतो. याशिवाय आपत्ती व्यवस्थापनातल्या कामासाठी दर वर्षी २३ जानेवारीला जाहीर होणारा सुभाषचंद्र बोस पुरस्कार आहे. तो व्यक्तीला आणि संस्थेला, दोघांनाही मिळू शकतो.

दोन वर्षं पुष्कळ वाटतात, पण प्रस्ताव अडतो तो पुराव्यावर. ‘जिवाची पर्वा न करता’ या शब्दांवरून पायरी ठरत नाही. वर किती टन होतं, आत जायची वाट किती रुंद होती, छत त्या काळात सरकलं का, बाहेर येण्याची शिट्टी किती वेळा झाली, कोण किती वाजता आत गेलं आणि किती वाजता बाहेर आलं, यावरून ठरते. ही माहिती त्याच रात्री लिहिली नाही तर आठवड्याने कुणालाच नक्की सांगता येत नाही. रुग्णाच्या कागदावरच्या वेळा आणि अग्निशमन दलाच्या नोंदवहीतल्या वेळा एकमेकींशी जुळायला हव्यात, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही पथकांनी घड्याळं मिळवून घ्यावीत.

आणि पायलट. सत्काराच्या यादीत बहुतेक वेळा एकच नाव असतं, आत गेलेल्याचं. त्या तीन तासांत बिळाच्या तोंडाशी बसून पिशव्यांतली हवा काढून एकेक आत सरकवणारा, सिरिंजवर नावं चिकटवणारा, वाढीव बाटल्यांसाठी दुसरी गाडी मागवणारा, आतल्याच्या कंबरेचा दोर हातात धरून ठेवणारा आणि मग खाडीच्या पुलावरून कळव्याकडे गाडी एकाही गचक्याशिवाय नेणारा तोच असतो. त्याच स्लॅबच्या काठाखाली. प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत दोन्ही नावं लिहावीत, आणि दोर कुणाच्या हातात होता हेही.